आजीचं नाव पणतीला ठेवावं का?

प्राजक्ताने विचारलं आहे: तिच्या आजीचं नाव यमुना, आईचं सुनीता. तिला आता मुलगी झाली आहे आणि आजीचं नाव लेकीला ठेवायचं तिच्या मनात आहे. सासरी मात्र सगळे म्हणतात, नाव फार जुनं आहे, शाळेत पोरं चिडवतील. नावं अशी पिढीगणिक का बदलतात, आणि एकदा मागे पडलेलं नाव परत येतं का?

प्राजक्ता, तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस. मी १९८३ साली जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झाले आणि २०१८ साली मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी जुन्नर, आंबेगाव आणि खेड या तीन तालुक्यांत गेली. या पस्तीस वर्षांत फळ्याखालोखाल माझा हात कशावर फिरला असेल तर तो जनरल रजिस्टरावर.

शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते. रजिस्टर नंबर, पूर्ण नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, शाळेत आल्याची तारीख, सोडल्याची तारीख, शेवटी शेरा. हे दप्तर कायम जपायचं असतं, त्यामुळे जुन्या शाळेच्या एकाच कपाटात पणजोबा, आजोबा, बाप आणि लेक असे चौघेही सापडतात. माझ्या एका शाळेत सुरुवातीची पानं मोडीत होती. दाखला काढायला कुणी आलं की आम्ही आधी साल विचारायचो, कारण सालाशिवाय शोधायचं कुठं? पण दहा-बारा वर्षांनी माझं असं झालं की नुसतं नाव ऐकलं तरी हात बरोबर त्या रजिस्टराकडे जायचा. सखाराम म्हटलं की कापडी बांधणीचं, कडा वाळवीने खाल्लेलं. सुभाष किंवा अशोक म्हटलं की त्याच्या पुढचं. संजय, सुनीता म्हटलं की निळ्या पुठ्ठ्याचं. अमोल, रूपाली म्हटलं की मी स्वतः लिहिलेलं. चार-पाच वर्षं इकडेतिकडे व्हायची, फार चुकायचं नाही.

जुन्या रजिस्टरांत आधी डोळ्यात भरते ती आलटापालट. रामचंद्र गोविंद, मग गोविंद रामचंद्र, मग पुन्हा रामचंद्र गोविंद. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं, ही रीत. त्यामुळे दाखला देताना आजोबा आणि नातू यांची नावं अक्षराअक्षराने सारखी निघायची आणि जन्मतारीख पाहिल्याशिवाय पान उलटता यायचं नाही. मोठ्या घराण्यांतही हेच. संभाजी महाराजांच्या मुलाचं पाळण्यातलं नाव शिवाजी होतं. शाहू हे नाव पुढे रूढ झालं. बाळाजी विश्वनाथांचे बाजीराव, आणि बाजीरावांचे पुन्हा बाळाजी. त्या दुसऱ्या बाळाजींना आपण नानासाहेब म्हणून ओळखतो, त्यातही एक गोष्ट आहे. सून सासऱ्याचं नाव घेत नसे. मग सासऱ्याच्या नावाच्या लेकराला तिने हाक कशी मारायची? म्हणून घराघरांत नाना, अप्पा, बापू, तात्या, अण्णा, भाऊ, बाळ. कागदावर एक नाव आणि तोंडात दुसरं.

आजोबांचं नाव देऊन झालं की पुढच्या मुलांना देवांची नावं. सहा-सात मुलं असायची, देवही पुरेसे होते. आमच्याकडे भीमाशंकराचा भीमा आणि शंकर, खंडोबाचे खंडू आणि मल्हारी, पंढरीचे पांडुरंग, पुंडलिक, रखमा, चंद्रभागा. विदर्भात शेगावामुळे गजानन, गोव्यात मंगेश, नागेश, शांतादुर्गा. पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांवर जन्मवारच नाव व्हायचा: सोमा, मंगळा, बुधा, बुधी. या सगळ्यांत आई-बापाला निवड अशी फारशी नव्हती. नाव आधीच ठरलेलं असायचं, बारशाला आत्याने ते कानात सांगायचं एवढंच.

आणखी एक प्रकार होता, तो वाचताना आजही पोटात कालवतं. धोंडू, दगडू, केरू, भिका, उकंडा, कवडू. आधीची दोन-तीन मुलं दगावली की पुढच्याला असं नाव द्यायचं, म्हणजे ते दगडासारखं टिकेल, किंवा केरात टाकलेलं म्हणून त्याच्यावर कुणाची नजर जाणार नाही. कवडू म्हणजे एका कवडीला दुसऱ्याला विकलेलं. तेव्हा ते ‘आपलं’ नाहीच, मग मृत्यू आपल्या घरी कशाला येईल? महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो होतं, आणि ते १०४ वर्षं जगले. ही नावं जातीत, धर्मात अडकलेली नव्हती. माझ्या रजिस्टरात दगडू मराठ्यांत आहे, माळ्यांत आहे, मुसलमानांतही आहे. मग लसी आल्या, सरकारी दवाखाने आले, १९७७ साली देवीचा रोग देशातून गेल्याचं जाहीर झालं. मी नोकरीला लागले तेव्हा दगडू हे पालकांच्या रकान्यात होतं, मुलांच्या रकान्यात मला एकही लिहावा लागला नाही. लोकांची आवड बदलली म्हणून हे नाव गेलं असं मला वाटत नाही. त्याच्यामागची भीती गेली.

मुलींच्या बाबतीत भीतीचं नाव उलट्या दिशेने होतं. नकुशी, नकोसा. चौथी-पाचवी मुलगी झाली की ठेवलेलं. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८० हून अधिक मुलींना जाहीर समारंभात नवी नावं दिली गेली, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. माझ्याकडे त्याच्या बरीच वर्षं आधी एक नकुशी पहिलीत आली. मी आईला म्हटलं, हे नाव मी लिहिणार नाही, दुसरं सांगा. ती म्हणाली, “तुम्हीच लिहा बाई काय ते.” मी वैशाली लिहिलं.

इथे मला एक कबूल करायचं आहे, कारण नावांची लाट कशी पसरते याचं उत्तर त्यात आहे. वाडीवस्तीवरची पुष्कळ मुलं शाळेत यायची ती बाळ्या, पिंट्या, छकुली, बेबी होऊन. कागद नसायचे. जन्मतारीख माहीत नसायची, म्हणून गुरुजी १ जून टाकायचे. अजूनही आपल्याकडे हजारो लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. नावाचंही तसंच. जुन्या गुरुजींनी बाळ्याचा बाळासाहेब किंवा बाळकृष्ण केला. आम्ही नव्या बायांनी सुनीता, संगीता, वैशाली केल्या, कारण आमच्या डी.एड.च्या वर्गात, आमच्या बहिणींत, आमच्या रेडिओवर तीच नावं होती आणि आम्हाला ती सुधारलेली वाटायची. एखाद्या वस्तीवर एकाच दशकात पाच वैशाली दिसल्या तर त्यातल्या दोन-तीन माझ्या हातच्या असू शकतात. शहरातलं नाव खेड्यात दहा वर्षं उशिरा पोचतं असं म्हणतात. ते बऱ्याचदा एस.टी.तून उतरणाऱ्या शिक्षकाबरोबर, नर्सबाईबरोबर आणि ग्रामसेवकाबरोबर पोचलेलं आहे.

रजिस्टरात मला सर्वांत मोठा मोड दिसला तो मात्र फॅशनचा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्याआधीच्या पानांवर महारवाड्यातल्या मुलांची नावं वाच. एक तर कचरू, धोंडू, भिका. आणि जे काही देवाचं नाव असेल तेही लिहिणाऱ्याने मोडून लिहिलेलं. महादेव नाही, महाद्या. राघू नाही, राघ्या. त्याच पानावर वरच्या आळीतला महादेव मात्र पूर्ण महादेव आहे. दोन्ही ओळी एकाच शाईत, एकाच वळणदार अक्षरात. ते अक्षर इतकं सुंदर आहे की अधिकच राग येतो. मग साठच्या दशकातली पानं उलट: गौतम, सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, आनंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा. राहुल हा बुद्धाचा मुलगा. मिलिंद हा नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा. बाबासाहेबांनी औरंगाबादेत उभारलेल्या महाविद्यालयालाही तेच नाव आहे. या नावांना ‘या’ लावून मोडता येत नव्हतं. आईबापांनी ती विचार करून निवडली होती, आणि महाराष्ट्रात आजोबांच्या नावाची साखळी जाणीवपूर्वक थांबवून नवी सुरू करणारा एवढा मोठा समाज मला दुसरा दिसत नाही.

आंबेडकरांच्या घरातली नावंच एका ओळीत लिहून बघ: मालोजी, रामजी, भीमराव, यशवंत, प्रकाश, सुजात. सहा पिढ्या. मालोजी, रामजी यांच्यात गावातली आणि पलटणीतली जुनी ढब आहे. भीमराव १८९१ चे. यशवंत १९१२ चे. प्रकाश १९५४ चे, म्हणजे स्वातंत्र्यानंतर घराघरांत आलेल्या अशोक, दिलीप, सुभाष, प्रकाश यांच्या पिढीचं नाव. आणि सुजात थेट बौद्ध परंपरेतलं. याच घरात प्रकाश यांच्या एका भावाचं नाव भीमराव, म्हणजे आजोबांचं नाव नातवाला ही रीतही जागेवर आहे. जुनं आणि नवं असं एकाच वेळी चालतं. म्हणून ‘अमुक साली जुनी नावं संपली’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

‘राव’ कसा गळला तेही एका घरात दिसतं. महाराष्ट्राच्या सुरुवातीच्या मुख्यमंत्र्यांत यशवंतराव, मारोतराव, वसंतराव, शंकरराव असा रावांचाच भरणा. शंकरराव चव्हाण १९२० चे. त्यांचे चिरंजीव १९५८ चे, तेही मुख्यमंत्री झाले, आणि ते नुसते अशोक. अशोकराव म्हणणारे आहेत, पण ते आदराने म्हणतात, नावाचा भाग म्हणून नाही. मुलींत ‘बाई’चं हेच झालं. यमुनाबाई, गंगाबाई, सरूबाई अशा ओळी संपून नुसत्या आशा, उषा, शोभा, मंगल आल्या. मी या पिढीची. आमच्या डी.एड.च्या एका तुकडीत चार सुरेखा होत्या, तर हजेरी घेताना गावाचं नाव लावायला लागायचं.

पुढचं पटकन सांगते, कारण ते तुला तुझ्या नातेवाइकांतच दिसेल. लोक नाव उचलतात तसा नावाचा नादही उचलतात. सुरेश चालला की रमेश, महेश, उमेश, दिनेश, राजेश. सुनीता चालली की अनिता, वनिता, सविता, कविता, संगीता. मग ‘ली’ आली: वैशाली, दीपाली, सोनाली, रूपाली. मग तुमची जोडाक्षरांची पिढी: प्राजक्ता, प्रियांका, प्रतीक्षा, स्नेहल, स्वप्नील, प्रथमेश. माझ्या शेवटच्या वर्षांत अथर्व, वेदांत, सार्थक, स्वराज, ईश्वरी, स्वरा, आरोही, श्रावणी. आता नातवंडांच्या वर्गात शिवांश, विहान, रुद्र, अन्वी, आराध्या. एखादं नाव दहा-पंधरा वर्षांत विटतं, नाद मात्र थोडा जास्त टिकतो, कारण सुनीता नको झाली तरी कानाला त्याच्या जवळचंच काहीतरी हवं असतं.

नट-खेळाडूंमुळे नाव चालतं, हे अर्धं खरं. अमोल पालेकर सत्तरच्या दशकात पडद्यावर गाजले आणि माझ्या रजिस्टरातले अमोल त्याच्यानंतरचे आहेत. तिथे मला संबंध पटतो. पण सचिनचं बघ. सगळ्यांना वाटतं हे सचिन तेंडुलकरमुळे. तो १९७३ चा आणि कसोटीत उतरला नोव्हेंबर १९८९ मध्ये. मी १९८३ साली पहिलीच्या वर्गावर उभी राहिले तेव्हा माझ्यासमोर सचिन बसलेले होते, म्हणजे ते १९७७ च्या आसपास जन्मलेले. नाव आधीच वाहतं होतं. तेंडुलकरचं स्वतःचं नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं आहे. तो मोठा झाला तोवर सचिन हे नाव लहान मुलांना द्यायचं जवळजवळ थांबलं होतं. इतक्या मोठ्या नावाचं ओझं लेकरावर नको, असं एका बापाने मला सांगितल्याचं आठवतं.

हे सगळं बदलण्यामागे एक साधं कारण आहे, आणि ते फारसं बोललं जात नाही. मुलं कमी झाली. सात लेकरं असताना आजोबाही सांभाळले जायचे, कुलदैवतही, आणि सातव्याला आईच्या आवडीचं एखादं नाव मिळायचं. एकच लेकरू असलं की सगळी हौस त्या एकाच नावात ओतायची असते. मग ते नाव गावात दुसऱ्या कुणाचं नको. शिवाय पूर्वी राशीचं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं असायचं. पाळण्यात चार-पाच नावं घ्यायची, त्यात राशीनाव एक. आता पत्रिकेतलं अक्षर हाकेच्याच नावाला हवं असतं. हस्त नक्षत्राची अक्षरं पू, ष, ण, ठ. ‘ण’ वरून नाव आणायचं कुठून? मग इंटरनेटवरून कुठलं तरी सापडतं, ज्याचा अर्थ आई-बापालाही सांगता येत नाही. मला अशा नावांची चीड नाही, पण पहिलीतल्या पोराला स्वतःचं नाव लिहायला वर्ष लागताना मी पाहिलं आहे.

आता तुझा मूळ प्रश्न. गेलेलं नाव परत येतं का? येतं, पण सगळी येत नाहीत आणि लगेच येत नाहीत. नाव ऐकल्यावर डोळ्यासमोर कोण उभं राहतं यावर ते असतं. तुझ्या वयाच्या मुलीला सुनीता म्हटलं की आई, मावशी, शेजारच्या काकू दिसतात. पन्नाशीची, गुडघे दुखणारी बाई दिसते. म्हणून आज कुणी लेकीचं नाव सुनीता ठेवत नाही, आणि अजून तीस-चाळीस वर्षं ठेवणार नाही असं मला वाटतं. यमुना त्याच्या पलीकडे गेली आहे. यमुना नावाच्या बायका आता फार थोड्या उरल्या आहेत. तुला त्या नऊवारीत आठवतात, तुझ्या सासूबाईंनाही आठवतात, म्हणून त्यांना ते नाव जुनं लागतं. तुझ्या लेकीच्या वर्गातल्या पोरांनी यमुना नावाची म्हातारी पाहिलेलीच नसेल. त्यांच्यासाठी ती भूगोलातली नदी.

हे मी अंदाजाने सांगत नाही. शेवटच्या आठ-दहा वर्षांत माझ्याकडे रमा आली, मुक्ता आली, राधा, सई, जिजा आल्या. मुलांत माधव, केशव, राघव, मल्हार आले. मी लागले तेव्हा ही नावं आजी-आजोबांची होती. एकालाही नावावरून कुणी चिडवलं नाही. पोरं चिडवतात ती यमक जुळलं की, किंवा बाईंना नाव उच्चारता आलं नाही की. यमुनाला दोन्हीचा धोका नाही. परत येणारी नावं बहुधा दोन-तीन अक्षरांची, सुटसुटीत, शेवटी आकार असलेली असतात. येताना ‘बाई’ मागे ठेवून येतात. भागीरथीला त्यामुळे जड जातं. ठकी, धोंडाबाई, नकुशी येणार नाहीत, येऊही नयेत.

एखादी म्हातारी म्हणेल, यमुनेत यम आहे. तिला भाऊबीज आठवून दे. यम त्या दिवशी बहिणीकडे, म्हणजे यमुनेकडेच जेवायला जातो, म्हणून तर तिला यमद्वितीया म्हणतात. भावाला ओवाळणाऱ्या बहिणीचं नाव आहे ते.

पण नाव ठेवण्याआधी एक गोष्ट कर. यमुना हे आजीचं माहेरचं नाव की सासरचं, ते विचारून घे.

आपल्याकडे मुलाचं नाव आजोबांकडून नातवाकडे गेलं, मुलीचं तसं गेलं नाही, कारण लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने दुसरंच नाव लिहिलं जायचं. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुना. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. महर्षी कर्व्यांच्या आनंदीबाई आधीच्या गोदू. एवढ्या नावाजलेल्या बायकांचीही जन्माची नावं आपल्याला आवर्जून सांगावी लागतात, तर घरच्या आजीचं काय?

२००९ च्या सुमाराला एक आजी नातवाबरोबर शाळेत आल्या. वयाचा पुरावा हवा होता. नाव सांगितलं सुमन. साल अंदाजे १९५० धरून मी तीन रजिस्टरं पालथी घातली, सुमन एकही नाही. त्या काळात सुमन शहरातलं नाव, आमच्या गावात असणं कठीण, हे मला आधीच सुचायला हवं होतं. मी विचारलं, “आजी, माहेरी काय म्हणायचे?” त्या गप्प बसल्या. नातू म्हणाला, सुमनच म्हणायचे असतील. मग त्या हळूच म्हणाल्या, “द्वारका.” द्वारका दहा मिनिटांत सापडली. वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, इयत्ता तिसरी, शाळा सोडण्याचं कारण: लग्न. मी पान त्यांच्याकडे फिरवलं. त्यांना वाचता येत होतं, तिसरीपर्यंतचं. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नातवाला काळजी लागली की दाखला द्वारकाच्या नावाचा निघाला तर बाकीच्या कागदांशी जुळणार कसा; ते प्रतिज्ञापत्र वगैरे करून पुढे झालं. आजींना त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी जाताना त्या पानाची झेरॉक्स मागितली. रजिस्टर बाहेर नेता येत नाही, म्हणून मी त्यांची ओळ कागदावर सुवाच्य उतरवून, सही-शिक्का मारून दिली. त्यांनी ती घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली.

तेव्हा आजी असतील तर आज-उद्याच फोन कर. नसतील तर त्यांच्या माहेरच्या गावच्या शाळेत जा, रजिस्टरात त्यांची ओळ असेल तर तिथे खरं नाव मिळेल. तहसील कचेरीत जुना गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक असतं, पण त्यात जन्माच्या नोंदीपुढे बहुतेकदा बापाचं नाव आणि नुसतं ‘मुलगी’ एवढंच लिहिलेलं असतं. शाळेचं रजिस्टर बरं. दोन नावं निघाली तर दोन्ही कागदावर लिहून एक-दोन दिवस मोठ्याने हाक मारून बघा, घरात कुठलं रुळतं ते कळेल. नाव नुसतं पाळण्यात घेऊन कागदावर दुसरं घालायचा मध्यममार्ग सासरी कुणी सुचवेल. तो घेऊ नकोस. पाळण्यातली नावं बारशाच्या घुगऱ्यांबरोबर संपतात.

घाई करायचं कारण नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण तीत बाळाचं नाव घालायला १२ महिन्यांपर्यंत शुल्क लागत नाही. आणि तुझी लेक १ मे २०२४ नंतरची असल्याने तिच्या नावापुढे आधी आईचं नाव येईल, मग वडिलांचं, मग आडनाव. माझ्या पस्तीस वर्षांत मला अशी ओळ लिहायला मिळाली नाही. तू शाळेत नाव घालायला जाशील तेव्हा तिथल्या बाई रजिस्टरात लिहितील, “यमुना प्राजक्ता”, आणि मग पुढचं विचारतील.